चाचांची पाटी

चाचांना माऊसचा राग होता. "त्याचा काई भरवसा नाई, पाह्यजे तिथं सोडून भलतीकडंच पळते," असं म्हणून त्यांनी तो टेबलाच्या खणात कोंडून ठेवला होता. मी ज्या दिवशी कामाला लागले त्याच दिवशी माझ्या कंप्युटरचाही काढून त्यांनी त्याच खणात टाकला. मी बी.कॉम. झालेली, वर कंप्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेली. प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेले होते, ते त्यांनी उघडूनही पाहिलं नाही. मनात म्हटलं, चांगल्या येड्याच्या हाती लागलो आपण.

अमरावतीत एका हार्डवेअरच्या दुकानावर त्यांची खोली होती. दोन कंप्युटर, एक प्रिंटर, खिडकीत पाण्याचं मडकं. दारावर 'सर्व प्रकारची कंप्युटरची कामे' एवढाच बोर्ड, त्यावर नावही नाही. चाचा राहायचे अकोल्याला. रोज सकाळी गाडीनं बडनेऱ्याला उतरायचे, तिथून ऑटोनं अमरावती, आणि दिवस कलला की तसेच परत. इतकी वर्षं काम केलं पण अमरावतीत मुक्काम म्हणून केला नाही. कुणी म्हटलं, चाचा, इथंच एखादी खोली पाहा ना, तर म्हणायचे, "झोप अकोल्याचीच लागते बापा. इथं नुसतं काम होते." बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, भावाच्या घरात राहायचे. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

आमचं सगळं काम एकाच खिडकीत चालायचं. टेक्स्ट एडिटर म्हणतात तिला, चाचा पाटी म्हणायचे. त्यात ठळक अक्षर नाही, रंग नाही, चित्र नाही. पांढऱ्यावर काळी अक्षरं, बस. लोक मजकूर आणायचे तो नटवलेला असायचा, फुलांच्या चौकटीतला, लाल-हिरव्या अक्षरांतला. चाचा तो उचलून पाटीवर टाकायचे की सगळा रंग उतरायचा. याला ते आंघोळ घालणं म्हणत. "पह्यले याले आंघोळ घाल, मंग पाहू कोण हाये ते." वेबसाइटसुद्धा ते पाटीवरच बांधायचे, एकेक खूण हातानं टाइप करून. वेबसाइटच्या पानात जी खूण उघडली ती बंदही करावी लागते. मी विसरले की खुर्चीतूनच म्हणायचे, "दरवाजा लाव वं, कुत्रं घुसते." पुढं पुढं मला घरीही दार लावताना ते ऐकू यायला लागलं.

चाचांच्या वडिलांचा अकोल्यात लग्नपत्रिकांचा छापखाना होता. चाचांची अर्धी हयात तिथं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली, मग छापखाना बंद पडला. कसा पडला विचारलं तर सांगायचे, "लगनं होऊनच राह्यली होती, कार्डं कमी झाली. पह्यले खेड्यातून माणूस यायचा, पाचशे छाप म्हणे. मंग दोनशे म्हणे. मंग आलाच नाई. फोनवर सांगून देतो म्हणे लोकायले." पन्नाशीला टेकलेल्या माणसानं मग कंप्युटर शिकून घेतला, आणि खिळे जुळवतात तसाच शिकला.

त्यांची एक गोष्ट मी अजून लोकांना सांगते, कुणी विश्वास ठेवत नाही. तेव्हा मराठी मजकूर जुन्या फॉन्टात टाइप केलेला असायचा. तो पाटीवर टाकला की मराठी जाऊन इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस यांचा नुसता कचरा दिसायचा. चाचा तो कचरा वाचायचे. विजेचं बिल वाटायला आलेल्या माणसाला एकदा त्यांनी समोर बसवलं आणि पानभर कचरा मराठीत घडाघडा वाचून दाखवला. तो खाली जाऊन हार्डवेअरवाल्याला म्हणाला, वर मांत्रिक बसते काय हो. त्या कचऱ्याचं पुन्हा मराठी करायला चाचांनी एक यादी करून भिंतीला चिकटवली होती, कोणत्या खुणेच्या जागी कोणतं अक्षर घालायचं याची. एडिटरमध्ये 'शोधा आणि बदला' अशी सोय असते. एकेक ठिकाणी थांबून बदलता येतं, नाहीतर 'सगळं बदला' म्हटलं की फाईलभर एका दमात बदलतं. ते दुसरं बटण चाचा फक्त त्या यादीसाठी वापरू द्यायचे. "अक्षरावर सगळं बदला चालते," म्हणायचे. "लोकायच्या शब्दावर नाई चालत. शब्द त्याइचा हाये."

जुनी फाईल पुसायची नाही, हा दुसरा नियम. आज फाईलला हात लावला की तिला पुढचा नंबर द्यायचा आणि कालची तशीच ठेवायची. तिसरा नियम वाचनाचा. काम संपलं की एकानं पाटीवरची ओळ न ओळ मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं मूळ कागदावर पेन्सिलीनं टिक करायची. टिक झाल्याशिवाय पान बाहेर जाणार नाही. हार्डवेअरवाल्याची गिऱ्हाइकं वर मान करून पाहायची, वर शाळा भरली की काय म्हणून. मला फार कंटाळा यायचा. एकदा वैतागून म्हटलं, चाचा, कंप्युटर चूक करत नाही. म्हणाले, "कंप्युटर नाई करत. आपून करतो, अन् तो ते हजार जागी करून देते."

आणि या सगळ्याच्या वर त्यांचं एक पालुपद. आपून हमाल. हमालानं पोतं इथून उचलायचं, तिथं ठेवायचं. आतला माल बदलायचा नाही. हे नुसतं बोलणं नव्हतं. एका कोचिंग क्लासवाल्याची वेबसाइट आमची अर्धी बांधून झाली होती. त्यानं निकालाची यादी आणली आणि हळूच म्हणाला, यात अजून चार-पाच नावं घाला, दुसऱ्या क्लासची आहेत पण पोरं आपल्याच गावची आहेत. चाचांनी यादी त्याच्या हातात परत दिली. "पोरायचं लिहून आणा, का आमी याच क्लासात होतो म्हणून. टाकतो." तो गेला तो पुन्हा आला नाही. महिनाभराचं काम पाण्यात गेलं आणि मी दोन दिवस तोंड फुगवून बसले. चाचांनी मला कचोरी खाऊ घातली, पण नियम काही सोडला नाही. असा माणूस तो. म्हणून पुढं जे झालं ते मला अजूनही नीट पचत नाही.

माझं गाव नांदगाव खंडेश्वरच्या अंगाला. बाबा मी कॉलेजात असतानाच गेले. पाच एकर वावर दादाच्या अंगावर पडलं. मला शिकवलं त्यानं, अमरावतीला पाठवलं त्यानं. दिसायला चांगला, कुठलं व्यसन नाही, चार माणसांत बोलायला गोड. आणि लग्न जुळत नव्हतं. त्याचंच नाही, गावातल्या कुणाचंच जुळत नव्हतं. त्या वर्षांत आमच्याकडे रोज पेपरात काय यायचं ते मी सांगत बसत नाही, सगळ्यांना माहीत आहे. पण त्याचा एक भाग पेपरात येत नव्हता. मुलीचा बाप पोराचं नाव-गाव विचारायच्या आधी विचारायचा, करतो काय? शेती म्हटलं की चहा घ्यायचा आणि उठायचा. मुलीचाही बाप शेतकरीच असायचा. त्याला दोष तरी काय द्यावा.

माझा दादा एकतीसचा झाला, बत्तीसचा झाला. माय दर सोमवारी त्याच्यासाठी उपास धरायची आणि तो तिला ओरडायचा, "उपासानं काय पोरगी येते काय वं माय." पण ओरडून झालं की तिच्यासाठी केळी आणायचाही तोच.

अशात आमच्या समाजाच्या मंडळाचे सचिव चाचांकडे आले. पेशानं वकील. मंडळ दरवर्षी वधू-वर सूची काढायचं, तिची वेबसाइट करायची होती. पाच वर्षांच्या सूच्या एका सीडीत भरून आणल्या होत्या, सगळ्या जुन्या फॉन्टात. चाचांनी आंघोळी घातल्या, यादी लावली, आणि एकाच फाईलीत एकेका माणसाची एकेक ओळ केली. नाव, वय, शिक्षण, काम, अपेक्षा. मध्ये उभी रेघ. दोन महिने आम्ही वाचत आणि टिक करत होतो.

पाच वर्षांच्या सूच्या शेजारी शेजारी ठेवल्या की काय दिसतं ते मला तेव्हा कळलं. मुली दर वर्षी नवीन. मुलं तीच. काम – शेती, काम – शेती, आणि वय दर वर्षी एकानं वाढलेलं. काहींचं वय तीन वर्षं एकोणतीसच होतं. चाचा तसं काही आलं की वाचताना क्षणभर थांबायचे, मग पुढं जायचे. माझ्या दादाचं नाव पाचही सूच्यांत होतं. पहिल्यांदा आलं तेव्हा त्यांनी आडनाव आणि गाव वाचून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानंतर ते त्या ओळीवर थांबले नाहीत.

वेबसाइट सुरू झाली. कामाच्या रकान्यावरून चाचांनी मुलांची तीन पानं केली होती: नोकरी, व्यवसाय, शेती. त्या काळी पानाच्या तळाशी एक आकडा लावायची पद्धत होती, हे पान किती वेळा उघडलं गेलं ते दाखवणारा. चाचा रोज आले की डबा ठेवायच्या आधी हे आकडे पाहायचे. नोकरीचा आकडा भराभर पळायचा. व्यवसायाचा हळूहळू. शेतीचा हलायचाच नाही. आज बेचाळीस, उद्या बेचाळीस, परवा बेचाळीस, आणि त्यातले बहुतेक आमचेच, तपासताना उघडलेले. "बेचाळीस," ते स्वतःशीच म्हणायचे आणि हात धुवायला जायचे.

एका सकाळी मी आले तर ते दारातच उभे. "त्रेचाळीस झाले," म्हणाले. "कोण्या पोरीच्या घरच्यानं उघडलं, पाह्य." दिवसभर ते खुशीत होते, हार्डवेअरवाल्यालाही वर बोलावून चहा पाजला. त्रेचाळीसावी मी होते. आदल्या दिवशी मैत्रिणीबरोबर सायबर कॅफेत गेले होते तेव्हा दादाचा फोटो कसा दिसतो ते पाहायला म्हणून उघडलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको होतं, अजून ठरवता येत नाही मला.

उन्हाळ्यात दादा अमरावतीला काही कामानं आला आणि पहिल्यांदाच आमच्या खोलीवर चढला. पिशवीत घरचे आंबे होते. चाचांनी त्याला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, मडक्यातलं पाणी दिलं. दोघं बराच वेळ पावसाचं, कापसाचं बोलत बसले. मग दादा म्हणाला, "चाचा, एक काम होतं. माहं नाव तेवढं काहाडून टाका त्या कंप्युटरातून."

"काहून?"

"माय दर बाजाराच्या दिवशी नांदगावले जाते अन् तिथल्या कंप्युटर कॅफेच्या पायरीवर जाऊन बसते. चपला बाहेर काहाडते. पोराले विचारते, आलं काय बापा काई. त्यो म्हणते, नाई आजी. मंग येते घरी. लोक पाह्यतात, चाचा."

चाचांनी दादाचा रिकामा पेला पुन्हा मडक्यातून भरून दिला. मग म्हणाले, "राहू दे अजून सा महिने. माह्या शब्दावर राहू दे." दादानं माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. जाताना तो हसून म्हणाला, "बरं. सा महिने तर सा महिने. इतके गेले." तो जिना उतरला आणि चाचा त्या आंब्यांच्या पिशवीकडे पाहत बसले. मग त्यांनी पाटी उघडली आणि ते कामाला लागले.

पोळ्याला मी चार दिवस गावी गेले. परत आले तर वेबसाइटवर शेतीचं पान नव्हतं. विचारलं, तर म्हणाले, "मंडळानं काहाडायले लावलं. कोणी पाह्यत नाई म्हणे." मला खरंच वाटलं. चाचा खोटं बोलतील हे माझ्या डोक्यातही आलं नाही. सकाळचा आकडा पाहणंही त्यांनी बंद केलं होतं. मला वाटलं, पानच नाही तर आकडा कशाचा पाहतील. आणि कामंही तेव्हा दुसरी खूप आली होती.

दिवाळी झाली, आणि घरून फोन आला. दादाला पाहायला पाहुणे येत होते. मूर्तिजापूरकडचे, स्वतःहून, मुलीला घेऊन. आमच्याकडे अशी उलटी रीत नाही, आधी मुलाकडचे जातात. पण त्यांना घाई होती आणि आम्हाला काय, आमच्या डोक्यावर कुणी सोन्याची टोपली ठेवली असती तरी एवढा आनंद झाला नसता. माय फोनवर रडत होती आणि हसतही होती. मी सुट्टी मागितली तेव्हा चाचांनी खिशातून पैसे काढून पेढे घेऊन जायला सांगितलं, आणि म्हणाले, "आल्यावर मले सांग. सगळं सांग."

सगळं सांगते. मुलगी सावळी, नीटस, डी.एड. झालेली. मला तर पाहताक्षणी आवडली. मायनं शेजारणीच्या घरून नव्या बश्या आणल्या होत्या. दादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी इतकी गुळगुळीत केली होती की गालावर कापलं होतं. पोहे आले, चहा आला. मुलीच्या वडिलांनी अंगणातून एक नजर फिरवली, गोठ्याकडे पाहिलं, आणि अगदी चांगल्या मनानं विचारलं, "मंग जिनिंग कुठीसा हाये तुमची?"

जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, दादाला प्रश्नच कळला नाही. "कायची जिनिंग?"

"पाच एकरातली. मोठीच असंन."

"जिनिंग नाई आमची," दादा म्हणाला. "वावर हाये. पाच एकर. कापूस अन् तूर."

त्या माणसानं खिशातून एक कागद काढला, चष्मा लावून पाहिला, आणि खाटेवर ठेवला. तो भांडला नाही, हे मी सांगितलंच पाहिजे. त्याची बायको मुलीला घेऊन उठली. मुलीनं पोह्यांची बशी हातात धरली होती, ती कुठं ठेवावी हे तिला सुचेना, मग तिनं ती माझ्या हातात दिली. त्यांचा ऑटो वळणाला गेला तरी माय दारात तशीच उभी होती, पदर डोक्यावर घेऊन. मी कागद उचलला. आमच्याच वेबसाइटचं पान छापून आणलं होतं. दादाचं नाव, वय, आणि पुढं: काम – व्यवसाय, पाच एकर.

दादानं माझ्या हातातून तो घेऊन वाचला. "तू लिवलं?"

"नाही दादा. शप्पथ."

"मंग कोणं लिवलं?" मला वाचताक्षणीच कळलं होतं. त्यानं कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. "चार दिवस माय हसून राह्यली होती," म्हणाला. "आता तिले कोण सांगन का ते खोटं होतं म्हणून. नाव काहाड माहं. उद्याच काहाड." मग तो शर्ट बदलून बैलांना पाणी दाखवायला गेला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं मी अमरावती गाठली. वाटेत सगळं ठरवलं होतं, काय काय बोलायचं ते. चाचा नेहमीच्या वेळेला आले, हातात डबा, आणि माझं तोंड पाहून दारातच थांबले.

"तुम्ही केलं," मी म्हटलं.

"हाव. म्या केलं."

"मला हमाल हमाल शिकवता आणि तुम्हीच?"

ते खुर्चीत बसले. "शेती म्हंजे काय व्यवसाय नाई?" म्हणाले. "बी घेते, खत घेते, माल विकते. दुकानवाला काय वेगळं करते? म्या म्हटलं, खोटं कायचं हाये याच्यात. नुसतं त्या पानावरून या पानावर. एकदा पोराले पाह्यलं तर सही लोकायनं. पाह्यल्यावर कोण नाई म्हणन त्याले." मग आवाज उतरला. "तू गावाले गेली होती. तुह्यासमोर नसतं झालं माह्याकून."

'शोधा' मध्ये शेती, 'बदला' मध्ये व्यवसाय, आणि सगळं बदला. एवढंच केलं होतं त्यांनी. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बदललेलं काही मोठ्यानं वाचलं नव्हतं, कारण टिक करायला समोर मी नव्हते, आणि मला ते ऐकवायची त्यांना लाज वाटली असती.

"वाचा आता," मी म्हटलं. माझा राग गेला नव्हता. "मी टिक करते."

त्यांनी वाचायला घेतलं. मुलांची यादी संपली, मुलींची सुरू झाली. आणि दुसऱ्याच ओळीवर ते अडखळले. अपेक्षा – नोकरी पाहिजे, व्यवसाय नको. खालची ओळ, व्यवसाय नको. त्याच्या खालची, व्यवसाय नको. फाईलभर जिथं जिथं शेती होतं तिथं तिथं ते बटण जाऊन आलं होतं. मुलींनी लिहिलं होतं शेती नको, आणि चाचांनी सगळ्यांच्या तोंडी भलताच नकार घातला होता. दुकानवाल्या पोरांनाही त्या तीन महिन्यांत कुणी विचारलं नसेल. चाचांनी चष्मा काढला. "तौबा," म्हणाले, अगदी हळू. "तौबा, तौबा. हे तर पाह्यलंच नाई म्या."

पुढं मंडळानं काम काढून घेतलं. मूर्तिजापूरच्या त्या पाहुण्यांनी तक्रार केली होती, सचिव आले आणि नको ते बोलून गेले. चाचांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. वर्ष-दोन वर्षांत त्यांचे डोळे गेले, खोली बंद झाली. मी लग्न होऊन अकोल्यातच आले, नवरा नोकरीत, घर चाचांच्या मोहल्ल्यापासून ऑटोनं दहा मिनिटांवर. आणि तरी चाचा गेल्याचं मला तीन महिन्यांनी कळलं, तेही भाजी घेताना. दादा अजून गावीच आहे. माय गेल्यापासून स्वतःच भाकरी थापतो. मी गेले की माझ्यासाठीही थापतो, आणि चांगल्या करतो. लग्नाचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही.

पण त्या सकाळचं राहिलं. चाचांनी चष्मा पुसून पुन्हा घातला आणि जुनी फाईल उघडली, बदलायच्या आधीची. नियमाप्रमाणे ती जागच्या जागी होती. "हे चढवू पुन्हा," म्हणाले. "अख्खं वापस येते. पण वाचून. पह्यल्यापासून."

वाचता वाचता दादाची ओळ आली. काम – शेती, पाच एकर. मी म्हटलं, ही काढा, दादाचा निरोप आहे. त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "तू काहाड. माहा हात लागायले नाई पाह्यजे आता." मी ओळ पुसली. खालची ओळ वर आली आणि तिथं काही होतं असं दिसेनासं झालं. सूचीच्या छापील पानावर चाचांनी माझ्याकडून लिहून घेतलं, 'मुलाच्या स्वतःच्या सांगण्यावरून नाव कमी केले', आणि माझी सही घेतली.

मग मुली. शेती नको, शेती नको, शेती नको. चाचा एका सुरात वाचत होते आणि मी टिक करत होते. शंभरेक नावांनंतर त्यांनी माझं नाव वाचलं. वय पंचवीस. शिक्षण बी.कॉम. काम – खाजगी नोकरी, अमरावती. अपेक्षा – शेती नको.

ते थांबले.

माझा फॉर्म दादानं भरला होता. घरी, खाटेवर बसून, बॉलपेननं. अपेक्षेच्या रकान्याशी आला तेव्हा त्यानं मला काही विचारलं नाही, स्वतःच लिहिलं आणि फॉर्म सहीसाठी माझ्यापुढं धरला. मी ते वाचलं. त्यानं मला वाचताना पाहिलं. आणि मी सही केली.

"पोरी," चाचा म्हणाले, "लोकायच्या ओळीले आपल्याले हात नाई लावता येत. ही तुही हाये. तू सांगशील तर आत्ता बदलतो."

खालून हार्डवेअरच्या दुकानात कुणी पत्रा कापत होतं, त्याचा आवाज येत होता. मला दादाच्या गालावरचं कापलेलं दिसत होतं, आणि त्या मुलीनं माझ्या हातात दिलेली पोह्यांची बशी. पण मायचे हात कसे झालेत तेही मला माहीत होतं, आणि बाबा कसे झिजून गेले तेही. मला भीती वाटत होती. दुसरं काही नाही, साधी भीती.

"राहू द्या, चाचा."

"राहू देऊ?"

"हो."

मी टिक केली. त्यांनी खालचं नाव वाचलं.